पिवळ्या पट्टीची काठी

“तुम्ही फक्त काठ्या आणा, व्याही. निकाल मी लावतो!”

हंबीरराव मास्तर हे इतक्या जोरात म्हणाले की त्यांच्या वाटीतली बासुंदी हिंदकळून धोतरावर आली. पण मास्तरांचं तिकडे लक्ष नव्हतं. लेकीच्या सासरी जेवायला यायला लागून दोन वर्षं झाली होती, आणि व्याह्यांनी त्यांना पहिल्यांदाच काहीतरी विचारलं होतं! एरवी उदयसिंह त्यांना “घ्या की, मास्तर” एवढंच म्हणत, तेही भात वाढताना.

उदयसिंहांचा उचगावला लोखंडी सुट्या भागांचा कारखाना. माणूस उंचीनं एवढा की पंख्याखालून जाताना मान आपोआप तिरकी व्हायची. दोन वर्षांपासून त्यांना गोल्फचा नाद लागला होता आणि आता त्या नादाला एक चिंता जडली होती. रविवारी सांगलीच्या पाहुण्यांशी सामना होता आणि काठी कुठल्या कंपनीची घ्यायची हे ठरत नव्हतं.

“टेलरमेडवाला म्हणतोय टेलरमेड. कॅलवेवाला म्हणतोय कॅलवे. पिंगवाला तर बाकीच्यांशी बोलत न्हाय!” उदयसिंह कपाळाला हात लावून म्हणाले. “पेठापेठांच्या फुटबॉलात असतंय तसलं. ज्याची त्याची पेठ, ज्याचं त्याचं खरं.”

“हीच तर चूक होते,” मास्तर म्हणाले. “नाव बघून खप कळतो, गुण कळत नाही. गुण कळायला प्रयोग करावा लागतो.”

“मग करा की प्रयोग!” उदयसिंहांनी ताट सरकवलं. “निकाल बरोबर आला आणि सांगलीवाल्यांना मी गार केलं, तर आपलं मंगळवार पेठेतलं रिकामं गोडाऊन तुमच्या पोरांच्या वर्गाला. कायमचं!”

मास्तर हातातला घास ताटात ठेवून सरळ बसले. निवृत्त झाल्यापासून ते पेठेतल्या पोरांना आपल्या घराच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, रोज विज्ञान शिकवत, फुकट. सोपा केवढा? आगपेटीएवढा. मागच्या रांगेला चुंबक दिसावा म्हणून ती पुढे सरकली की पुढची रांग रस्त्यावर! परवाच एक रिक्षावाला गुरुत्वाकर्षण ऐकत थांबला होता, कारण त्याला पुढे जायला जागाच नव्हती.

“आणि निकाल चुकला तर, मामा?” मास्तरांची लेक स्नेहल हिनं सासऱ्यांना हळूच विचारलं.

“चुकला तर तिथं मी भंगार टाकणार. लोखंड तरी खोटं बोलत न्हाय.”

स्नेहलनं बापाकडे बघितलं. त्या नजरेत स्पष्ट लिहिलं होतं, बाबा, आवरा. पण मास्तर आवरतात कुठले!

दोन दिवसांनी उदयसिंहांनी तीन मित्रांकडून तीन कंपन्यांच्या जोड्या मागून आणल्या. प्रत्येक जोडीत एक ड्रायव्हर आणि एक फेअरवे वूड. मास्तरांनी आधी सगळ्यांच्या नावांवर चिकटपट्टी लावली. एका कंपनीला लाल, एकीला हिरवी, एकीला पिवळी. नाव दिसायला नको, म्हणजे मन वाकडं जायला नको. पिवळ्या जोडीच्या काठ्या बाकीच्यांपेक्षा चांगल्या वीतभर आखूड आहेत हे त्यांनी बघितलं. पण कंपनीची तशी पद्धत असेल, असं म्हणून सोडून दिलं.

मग ती सहाही हत्यारं घेऊन मास्तर आणि त्यांची सगळी पोरं उचगावच्या कारखान्यामागच्या मोकळ्या माळावर गेली.

“मुलांनो, इकडे बघा,” मास्तरांनी सुरुवात केली. “ही लांब, मोठ्या डोक्याची काठी म्हणजे ड्रायव्हर. खुंटीवर चेंडू ठेवायचा आणि पहिला जोराचा टोला हाणायचा, तो हिनं. आणि ही जरा आखूड, लहान डोक्याची, ती फेअरवे वूड. चेंडू गवतावर पडला की तिथून पुढचा लांब टोला हिनं. नाव वूड असलं तरी डोकं धातूचंच असतं. समजलं?”

पोरांचे चेहरे पाटीसारखे कोरे. मास्तरांना अशा वेळी फार आनंद होई. न समजलेलं समजावणं हा त्यांचा श्रीखंड-पुरीचा घास!

“बरं, असं धरा. हा साहेबाचा विटी-दांडू! विटी गोल, दांडा लांब. टोला हाणायचा आणि कितीवर गेली ते मोजायचं.”

“हां! मग तसं सांगा की, सर!” पुढच्या ओळीतली अरीबा ओरडली. अरीबा म्हणजे विटी-दांडूत अख्ख्या गल्लीला राज्य द्यायला लावणारी पोरगी. सगळ्या पोरांचे डोळे लखलखले. मास्तर मनात म्हणाले, शिकवावं तर असं!

“आता प्रयोगाचा नियम. एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तेच. काठी बदलेल. चेंडू तेच, जागा तीच, वारा तोच, मारणारा माणूसही तोच.”

मारणारा माणूस म्हणजे अरीबाचा बाप दिलदार. हा कारखान्यात वेल्डर. रविवारी टेनिस बॉलच्या क्रिकेटमध्ये त्याचा चेंडू गेला की शोधायला मोटारसायकल न्यावी लागे.

“मास्तर, ही काठी मोडली तर?” दिलदारनं काठी तोलून बघत विचारलं.

“मोडणार नाही. तू फक्त प्रत्येक वेळी सारखाच मार.”

“सारखा कसा मारू? मला राग येईल तसा मी मारतो.”

“मग सारखा राग आण!”

दिलदारनं डोळे मिटून घरमालकाला आठवलं आणि लाल ड्रायव्हर फिरवला. ठाण्ण! चेंडू असा गेला की माळावर चरणारी म्हैस चरायची थांबली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मास्तर खुंटीजवळ छत्री उघडून खुर्चीत बसले होते. त्यांनी हात वर केला.

“जा, मोजून या! विटी-दांडूत मोजता तसंच. पण नीट मोजा, मोजमाप हा विज्ञानाचा पाया आहे!”

पोरं काठी घेऊन धावली. एकेक टोल्यानंतर माळभर काठ्या उताण्या-पालथ्या पडत गेल्या. ज्या मित्रांनी त्या दिल्या होत्या ते त्या वेळी तिथं असते, तर एकेकाला उचलून सावलीत ठेवावं लागलं असतं. अरीबा दुरून आकडा ओरडे, एक पोरगा कारखान्याच्या भिंतीवर खडूनं लिही, आणि मास्तर समाधानानं मान डोलवीत.

सगळे टोले झाल्यावर मास्तरांनी भिंतीवरचे आकडे वाचले आणि त्यांच्या अंगावर काटा आला. पिवळ्यानं लाल-हिरव्याला चांगलंच मागं टाकलं होतं! आणि त्याहून नवल म्हणजे तिन्ही रंगांत लहान फेअरवे वूडचा आकडा मोठ्या ड्रायव्हरपेक्षा जास्त होता!

“सर, मला वाटलं मोठीनं लांब जातंय,” एक पोरगा म्हणाला.

“सगळ्या जगाला तसंच वाटतं!” मास्तर खुर्चीवरून उठून उभे राहिले. “म्हणून तर प्रयोग करायचा असतो, बाळा. विज्ञान माणसाचे गैरसमज असे मोडतं!”

लोकप्रियता तपासायची म्हणून त्यांनी त्या संध्याकाळी गोल्फ क्लबमधल्या मंडळींना विचारलंही. कंपन्यांची नावं घेऊन विचारलं तर ज्यानं जी विकत घेतली होती तीच त्याला जगात भारी. पट्ट्या लावून विचारलं तर दोघांनी स्वतःचीच काठी नापास केली आणि एकानं मास्तरांची छत्री चांगली वाटते म्हणून सांगितलं.

रात्री मास्तरांनी व्याह्यांना फोन केला. “पिवळ्या पट्टीची फेअरवे वूड. ड्रायव्हर घरी ठेवा. पहिला टोलासुद्धा तिनंच.”

“पहिलासुद्धा? अहो, पण समदं जग—”

“जगाला राहू द्या. आणि काठी त्याच मापाची हवी. एक इंचाचा फरक चालणार नाही. प्रयोग ज्या मापाचा, निकाल त्याच मापाचा!”

पिवळ्या पट्टीखाली कुठल्या कंपनीचं नाव निघालं ते इथं सांगत नाही. नाहीतर उरलेल्या दोघांची पेठ आमच्या दारात यायची. उदयसिंहांनी मात्र तीच काठी पुण्याहून नवी कोरी मागवली. ती आली, ती वीतभर लांब! पिवळी जोडी देणारा मित्र बुटका, त्यानं ती आपल्या उंचीला कापून घेतलेली, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मास्तरांचा शब्द म्हणजे शब्द. उदयसिंहांनी ती थेट कारखान्यात नेली आणि कटर लावून वीतभर कापून टाकली.

रविवारी सकाळी मास्तरांचा वर्ग भरला होता. विषय मोजमाप. मास्तर खुशीत होते. गोडाऊनमध्ये कुठं फळा लावायचा आणि कुठं सूक्ष्मदर्शक ठेवायचा, हे मनात ठरलं होतं.

“आता आपला परवाचाच प्रयोग घ्या. अरीबा, सांग बरं, तुम्ही अंतर कशानं मोजलं?”

“दांड्यानं, सर.”

“शाबास. कुठल्या दांड्यानं?”

“ज्यानं मारलं त्याच दांड्यानं की! लाल दांड्यानं मारलं तर लाल दांड्यानं मोजलं, पिवळ्यानं मारलं तर पिवळ्यानं. विटी-दांडूत तसंच असतंय, सर. दुसऱ्याच्या दांड्यानं मोजलं तर भांडणं हुत्यात!”

सगळ्या वर्गानं माना डोलावल्या. बरोबरच होतं की!

मास्तरांच्या हातातला खडू खाली पडला. मोजायची काठी जितकी आखूड, तितके दांडे जास्त! लहान फेअरवे वूड ड्रायव्हरपेक्षा पुढे का गेली, पिवळी सगळ्यांच्या पुढे का गेली, सगळं लख्ख दिसलं. त्यांनी मोठ्या थाटात जगातली सगळ्यात आखूड काठी पहिली आणली होती! आणि व्याह्यांनी ती कापूनसुद्धा घेतली होती!

“सर, आमचं चुकलं का?” अरीबानं विचारलं.

“नाही गं, बाळा. तुम्ही अगदी मी सांगितलं तसंच केलंत,” मास्तर म्हणाले. “चूक सांगणाऱ्याची आहे. तुम्ही तोवर सोपा मोजा. सगळ्यांनी एकाच पट्टीनं! मी आलोच.”

गोल्फच्या मैदानावर रिक्षा पोचली तेव्हा स्नेहल दारातच भेटली. धापा टाकत मास्तरांनी तिला सगळं सांगितलं.

“बाबा!” स्नेहलनं तोंडावर हात ठेवला. “ते खेळायला लागलेत!”

समोरचं दृश्य बघवत नव्हतं. उदयसिंह एवढे वाकले होते की विहिरीत पडलेली घागर शोधतायत असं वाटावं. गुडघे एकीकडे, कोपरं दुसरीकडे. सांगलीचे पाहुणे शिष्टाचार म्हणून हसत नव्हते, पण त्यांचे खांदे हलत होते.

“व्याही, थांबा!” मास्तर ओरडले.

खट्! उदयसिंहांनी टोला मारला. चेंडू फार लांब गेला नाही. पण गेला तो सुतासारखा सरळ! मधोमध, आखूड गवतावर जाऊन बसला.

“अगं बाई,” स्नेहल पुटपुटली. “मामांचा चेंडू सरळ गेला?”

आजवर उदयसिंहांचा चेंडू लांब जायचा तो शेजारच्या उसात. उसाचा मालक गणपतराव गोल्फचे चेंडू टोपलीनं परत आणून द्यायचा. आखूड काठीमुळे आज जोरच लावता येत नव्हता, आणि जोर नाही म्हणून चेंडू वाकडा जात नव्हता. पाहुण्यांचे चेंडू लांब लांब जाऊन उसात शिरत होते आणि उदयसिंह मुंगीसारखे सरळ, सरळ, सरळ पुढे चालले होते. शेवटी कंबर धरून ते उभे राहिले, तेव्हा सामना खिशात होता!

“मास्तर!” त्यांनी मास्तरांना अशी मिठी मारली की मास्तरांचे पाय जमिनीवरून सुटले. “मानलं तुमच्या विज्ञानाला! गोडाऊन तुमचं! किल्ली आजच घ्या!”

स्नेहलनं हळूच बापाच्या पायावर पाय दिला. तिच्या डोळ्यांत आता, बाबा, गप बसा, एवढंच होतं. मास्तरांना मागच्या रांगेतली पोरं दिसली, चुंबक बघायला टाचा उंचावणारी. पण जन्मभर पोरांना खरं सांगा म्हणून सांगितलेलं. जीभ वळेना.

“व्याही, जरा बाजूला या. एक सांगायचंय.”

आणि सांगितलं. सगळं. दांड्यांसकट.

उदयसिंहांनी हातातली काठी उलटसुलट करून बघितली. मग म्हणाले, “म्हंजे ही काठी सगळ्यात भारी न्हाय?”

“नाही.”

“सगळ्यात आखूड हाय?”

“हो.”

“आणि मी ती कापून घेतली. नवी कोरी.”

“...हो.”

उदयसिंहांचा चेहरा आधी लाल झाला, मग हलायला लागला, आणि मग ते असे हसले की कंबर पुन्हा धरावी लागली. “मास्तर, तुम्ही खरं सांगितलंत, किल्ली तुमचीच! पण एक अट हाय. हे बाहेर कुणाला बोलायचं न्हाय!”

“का?”

उदयसिंहांनी हळूच मागं बोट दाखवलं. क्लबमधले झाडून सगळे, आणि त्यांच्यामागं सांगलीचे पाहुणे, आपापल्या काठ्या बगलेत मारून उभे होते. कारखान्यातलं कटर रविवारी चालू असतं का, एवढंच त्यांना विचारायचं होतं!

गोडाऊन मिळालं. भिंतींना रंग झाला, फळा लागला, आता मागच्या रांगेलाही चुंबक बसून दिसतो. उदयसिंहांनी हौसेनं दारावर भली मोठी पाटी स्वतःच्या कारखान्यात घडवून लावली, मास्तरांना न विचारता. ‘हंबीरराव मास्तर अचूक मोजमाप प्रयोगशाळा.’

रोज संध्याकाळी आत जाताना त्या पाटीखाली मास्तरांची मान आपोआप खाली जाते. पोरांना वाटतं, सर विज्ञानाला नमस्कार करतात. त्यामुळे आता तीही करतात.