लाइक द्यायला घरी येणारे काका

खामगावात आमच्या शेजारी राहणारे दिवाकरकाका फोनवर कुणाला लाइक देत नाहीत. ते द्यायला घरी येतात. गल्लीतल्या कुणी नव्या गाडीसोबतचा फोटो टाकला, की थोड्या वेळात काका दारात. "फोटो पाह्यला तुया. मस्त आला." चहा पितात, निघतात. आवडला नाही तरी येतात आणि तसं सांगतात. चहा तेव्हाही पितात. "अंगठा त कोनीबी दाबते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दिवसभर स्टेटस बदलणाऱ्या एका पोराच्या आईनं शेवटी साखर संपली म्हणून त्याचा फोनच काढून घेतला.

बी.एस्सी. झाल्यावर माझ्या मैत्रिणी मयूरी आणि वैशाली स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला गेल्या. रोज फोटो यायचे. अभ्यासिका, टेकडी, कॉफी. मला वाटू लागलं, आपणच मागे राहिलो. मीही स्टेटस टाकलं, 'पुणे, लवकरच!'

काका आले. या वेळी चहा बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "त्या नसत्या गेल्या, त तू काय केलं असतं वं?"

मी हातातला फोन खाली ठेवला. मग म्हणाले, "बी.एड. मला गणित शिकवायचंय."

जाऊ नको, असं ते म्हणाले नाहीत. "जाय. पन आधी पाहून ये."

मी पुण्याला गेले. वैशाली खरंच रमली होती; तिला लहानपणापासून हेच करायचं होतं. फोटोत सतत हसणारी मयूरी मात्र दार उघडताच गळ्यात पडून रडली. सगळे निघाले म्हणून तीही निघाली होती, आणि आता घरी सांगायची लाज वाटत होती. परत येऊन मी बी.एड.ला प्रवेश घेतला.

काकांना सांगायला गेले, तर माझं कौतुक राहिलं बाजूला, ते मयूरीचंच विचारत बसले. जेवते का नीट? तिला भेटायला कोणी जातं का? मग म्हणाले, "आमचा पोरगा नितीनबी तिथंच हाये. नोकरी सुटली म्हनते. त्यानं बोलावलं न्हाई, म्हनून मी गेलो न्हाई."

मी म्हटलं, त्यालाही मयूरीसारखीच लाज वाटत असेल. काकांनी मयूरीचा पत्ता लिहून घेतला.

पुढच्या आठवड्यात मयूरीचा फोन आला. आवाज मोकळा होता. सकाळी दार वाजलं, म्हणाली, बाहेर काका, हातात पुरणपोळ्यांचा डबा, आणि शेजारी नितीनदादा. तिघं पोटभर जेवली. मग काकांसमोरच तिनं आईला फोन लावून सगळं सांगितलं. आई रागावली नाही.

"काका निघाले का तिथून?" मी विचारलं.

"कुठले? नितीनदादानं त्यांचं परतीचं तिकीटच रद्द केलंय."