सावंतांच्या फ्रीजमधलं शेवाळ

बहरीनमधल्या हमद टाउनच्या आमच्या बिल्डिंगीत फ्रीजमध्ये शेवाळ पाळणारा माणूस एकच. शेजारचे सावंत. तुबलीच्या खाडीवरून बाटलीत भरून आणलेलं ते तपकिरी पाणी दुधाला खेटून उभं असतं. चिंचेचं पाणी समजून मी ते एकदा भेळेवर ओतायला निघालो होतो.

"काचेची अख्खी वसाहत खलास केली असतीत," सावंत शांतपणे म्हणाले. माझ्या पोटाची चौकशी नाही.

सावंत समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात केमिस्ट. तिथे सिलिकाचा थर साचू नये म्हणून ते दिवसभर पाण्यात पॉलिमर सोडतात. संध्याकाळी मात्र मायक्रोस्कोपला डोळा लावून हे शेवाळ बघत बसतात. कारण ते उलटं करतं. स्वतःच्याच पॉलिमरनी पाण्यातली तीच सिलिका जमवतं आणि अंगाभोवती काचेची नक्षीदार डबी बांधतं.

"भट्टी मफी, फुंकणी मफी. थंड पाण्यात काच." इथल्या अरबीतलं हे 'मफी', म्हणजे 'नाही', ऐकल्याशिवाय त्यांच्याकडे चहा मिळत नाही.

मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. उलगडा झाला तो आमच्या स्वयंपाकघरात. यंदा ऐन गणपतीत कारखान्याचं शटडाऊन आलं, सावंतांची लीव्ह नामंजूर झाली आणि चिपळूणच्या घरचा गणपती पहिल्यांदाच चुकणार असं ठरलं. तेव्हा "तुमच्या बाप्पाचे मोदक मी करणार" असं त्यांनी आमच्या हिला बजावलं, आणि ड्युटीवरून आले की सराव सुरू.

"वहिनी, ही उकड म्हणजे सिलिका. नुसती सोडली तर गोळा. बोटं म्हणजे पॉलिमर. नक्षी सिलिकाची नसते, तिला धरणाऱ्याची असते."

"भावजी, तुमच्या पॉलिमरना तूप लावा," ही म्हणाली. "मोदक फुटलाय."

रोजच फुटायचे. फुटलेले मी खायचो. विज्ञानासाठी माझा पट्टा दोन भोकं पुढे सरकला. ओट्यावर सावंतांचा फोन उभा असायचा आणि त्यात चिपळूणहून त्यांच्या बायकोचे, मालतीवहिनींचे, मोदक वळणारे नुसते हात दिसायचे. सावंतांची आई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे वहिनींना इकडे येणं कधी जमलंच नाही.

चतुर्थीला सावंत ताट घेऊन दारात उभे. एकही मोदक फुटला नव्हता, कळ्या रेखीव. फक्त प्रत्येकाची एक कळी उजवीकडे कललेली.

"एवढी सरळ करू का?" हिने बोट पुढे केलं.

सावंतांनी ताट मागे घेतलं.

"नको वहिनी. मालूची अशीच येते. बाकीच्या केव्हाच जमल्या होत्या, हिलाच वेळ लागला."