रागाचा पंचनामा

समुद्रपूरकडच्या एका सरकारी कचेरीत वरून परिपत्रक आले : 'राग आल्यास कर्मचाऱ्याने प्रतिक्रिया न देता त्या रागाचे साक्षी व्हावे.' साक्षी म्हटल्यावर कचेरीने जे करायचे तेच केले. तीन प्रतींत नमुना छापला आणि खाली दोन साक्षीदारांच्या सह्या मागितल्या, आधारकार्डाच्या झेरॉक्ससह.

बंडूजी कारकुनांचा राग नाकाच्या शेंड्यावर. पण निवृत्तीआधी त्यांना हेडक्लार्क व्हायचेच होते आणि त्यासाठी आता 'प्रतिक्रियामुक्त' प्रमाणपत्र सक्तीचे होते. महिनाभर ओरडायचे नाही! पहिल्याच दिवशी राग आला तेव्हा ते साक्षीदार शोधत फिरले. दोन सह्या मिळेपर्यंत राग कशाचा होता तेच विसरले. अध्यात्म म्हणतात ते हेच, असे वाटून त्यांना गहिवरून आले. गहिवराचा नमुना वेगळा होता.

बघता बघता अख्खी कचेरी मुक्त झाली. अर्ज आला की सगळे त्याच्याकडे प्रेमाने पाहत बसत.

महिना संपायच्या दिवशी शकुबाई सातव्यांदा आली. रेशनकार्डावर तिच्या नावापुढे 'पुरुष' छापले होते. बकरी राखायला घरी कोणी नव्हते, म्हणून तीही सोबत होती.

"साहेब, मी पुरुष दिसतो का तुमाले?"

"मी पाहून राह्यलो, भाऊ," बंडूजी म्हणाले. कागदावर पुरुष, म्हणून नियमाने भाऊ.

"सात खेपा पाहूनच राह्यले! लिहून काऊन नाई देत?"

"लिहिलं का प्रतिक्रिया होते, भाऊ."

तेवढ्यात शिपाई गुलाबने बंडूजींचे प्रमाणपत्र आणून टेबलावर ठेवले आणि बकरीने ते ओढले. ओरडावे तर प्रमाणपत्र रद्द, न ओरडावे तर बकरीच्या पोटात! शिक्का गेला, सही गेली.

"हाकला ना तिले, साहेब!" शकुबाईच ओरडली.

"मी... साक्षी... आहो..."

बकरीने 'बंडूजी' तोंडात घेतले तसे ते खुर्चीवर चढले. "अवो बाई! आवर तिले! बाई असून एक बकरी सांभाळता येत नाई तुले?"

शकुबाईने टाळीच वाजवली. "बाई म्हणाले! लिहा!"

लिहावेच लागले. 'सदर कर्मचारी सदर बाईवर ओरडले.' तीन प्रती, गुलाबसह दोन साक्षीदार, गोल शिक्का. तेवढ्या पुराव्यावर शकुबाईचे कार्ड पाच मिनिटांत दुरुस्त झाले. बंडूजी कारकूनच राहिले.

आणि वाचकहो, शकुबाईच्या सात खेपा आपण शांतपणे वाचल्यात. जीव खालीवर झाला तो प्रमाणपत्रासाठी. आपलेही तयार आहे, घेऊन जावे.