लाल बाटलीचा दसरा

खंडेनवमीच्या सकाळी कल्याण आपल्या बोटीचं इंजिन पेट्रोलने धूत होता आणि मनातल्या मनात रविराज साहेबांशी भांडत होता. भंडारदऱ्याच्या पाण्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या बोटींचे परवाने या साहेबांच्या हातात होते, आणि मागच्या आठवड्यात त्यांनी कल्याणची बोट नापास केली होती. कारण काय, तर आग विझवायची बाटली नाही. दसऱ्याला, म्हणजे उद्या सकाळीच, नाशिकचं एक भलंमोठं कुटुंब बोटीत बसायला येणार होतं. आज परवाना मिळाला नाही तर ती मंडळी शेजारच्या वाल्मिकच्या बोटीत बसणार आणि वाल्मिक ती गोष्ट वर्षभर गावाला ऐकवणार. कल्याणला उपास चालला असता, पण हे चाललं नसतं.

"साहेब, जरा खाली बघा," तो तेव्हा म्हणाला होता. "अख्खं धरान भरलंय. एवढ्या पान्यात बाटली कशाला पायजे? मासं इझवायला?"

"पेट्रोल पाण्यावर तरंगतं," साहेब शांतपणे म्हणाले होते. "पाणी ओतलं की जाळ विझत नाही, पसरतो. आणि पेट्रोलची वाफ बोटीच्या तळाशी साचते. पेट्रोलचं काम केलं की आधी इंजिनाचं झाकण उघडं ठेवा, वाफ जाऊ दे. मग काय ते करा."

"माझ्या आज्यानं जलमभर नाव हाकली. त्याची कधी पेटली न्हाई."

"आजोबांच्या नावेला इंजिन होतं?"

कल्याणला जास्तच राग आला. शेवटी त्याने राजूरहून लाल बाटली आणून बोटीत टांगली. पण कुणी विचारलं की "साहेबाची हौस" एवढंच सांगायचा.

कल्याणची आई राहीबाई कायद्याच्या बाबतीत साहेबांच्याही वरताण होती. खंडेनवमीला राबणारं प्रत्येक हत्यार धुऊनपुसून पुजायचं आणि एकदा पुजलं की दसरा उजाडेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, तो त्याचा विश्रांतीचा दिवस, हा तिचा कायदा. पहाटेच तिने कोयता, विळा, फावडं आणि घरातली विळीसुद्धा पुजून टाकली होती. त्यामुळे सून रोहिणीने सगळ्यांना अख्खे बटाटे उकडून वाढले होते आणि कुणाची बोलायची छाती झाली नव्हती.

आता पूजेचं ताट घेऊन म्हातारी बोटीत चढली. आधी तिने बुडू नये म्हणून घालायची सगळी जाकिटं एकावर एक रचून नाड्याने बांधली आणि त्यांना हळदकुंकू लावलं. मग तिची नजर लाल बाटलीवर गेली.

"ही काय रं?"

"आग इझवायची बाटली हाय."

"म्हंजी राबनारीच की."

राहीबाईने बाटलीला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि मान, दांडा आणि दांडा दाबण्याआधी उपटायची खिळी मिळून पूजेचा लाल नाडा असा आवळला की बैलसुद्धा सुटला नसता. तेवढ्यात कल्याणने इंजिनाचं झाकण लावून घेतलं. पेट्रोलने भिजलेल्या चिंध्या आतच राहिल्या. झाकणावर त्याने कोरा पिवळा खण अंथरला आणि वर ताट ठेवलं. इंजिन नव्या नवरीसारखं दिसायला लागलं.

नेमके तेव्हाच रविराज साहेब बोट पुन्हा तपासायला काठावर उतरले. त्यांनी नाक वर केलं.

"कल्याण, पेट्रोलचा वास इथवर येतोय. ते झाकण उघडा आणि पूजेचं ताट काठावर आणा. बोटीत जाळ नको."

आठवडाभर कल्याण असल्याच एखाद्या वाक्याची वाट बघत होता.

"साहेब, बाटली सांगितली, आनली. जाकिटं सांगितली, आनली. आता आरती कुठं करायची ते बी तुमीच सांगनार व्हय? आरती हितंच हुनार."

"ऐका माझं," म्हणत साहेब ताट उचलायला स्वतः बोटीत चढले. त्याच क्षणी राहीबाईने कापूर पेटवला.

'भप्प' असा आवाज झाला. झाकण हातभर वर उडालं, खण पेटला आणि इंजिनाच्या खाचेतून जाळ उभा राहिला. कल्याणने बादली बुडवून भसकन पाणी ओतलं. जाळ त्या पाण्यावर बसून आरामात मधल्या बाकाखाली गेला. साहेबांचा शब्द न् शब्द खरा होत होता आणि त्या घाईतही कल्याणला त्याचाच संताप येत होता.

"जाकीट द्या, जाकीट," साहेब ओरडले.

"पुजल्यात ती," राहीबाई म्हणाली.

साहेबांनी देवाचं नाव घेऊन धरणात उडी टाकली. बोट काठालाच बांधलेली असल्याने पाणी त्यांच्या गुडघ्यापर्यंत आलं.

कल्याणने बाटली ओढून काढली, पण खिळी जागची हलेना. "आई, नाडा तोड."

"आज न्हाई. आज तिचा आरामाचा दिस हाय."

"आई, बोट जळती."

"दिसतंय मला."

"मग कोयता तरी दे."

"कोयत्याची बी पूजा झालीय."

ही बोट गेली तर पुन्हा उभी राहायची नाही, हे त्याला त्या जाळाच्या उजेडात लख्ख दिसलं. साहेबाशी भांडणं सोपं होतं. आईसमोर तो जन्मात पहिल्यांदा ताठ उभा राहिला.

"दसऱ्यापातूर थांबायचं ना? मग दसरा आत्ताच. मी सांगतो. आज दसरा हाय."

राहीबाईने लेकाकडे बघितलं, मग जाळाकडे. उद्या सोनं म्हणून वाटायची आपट्याची पानं ताटाच्या कडेलाच होती. तिने एक पान उचलून बाटलीला लावलं. "सोनं घे बाई, सोन्यासारखी ऱ्हा," म्हणाली आणि उरल्यासुरल्या दातांनी नाडा कचकन तोडला.

कल्याणने खिळी उपटली आणि बाटलीचं तोंड जाळाच्या बुडाशी धरून दांडा दाबला. पांढऱ्या भुकटीचा लोट उठला. तो खाली बसला तेव्हा जाळ विझला होता. एक बाक करपलं होतं, आणि आई, लेक आणि पाण्यातले साहेब पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसत होते.

"तुमचं खरं हुतं, साहेब," कल्याण म्हणाला. दाढ उपटताना होतं तसं त्याचं तोंड झालं. "पर बैल गेला आन झोपा केला, असं म्हनू नका. बैल हाय अजून. काय काय करायचं तेवढं सांगा."

"चिंध्या बाहेर. जळलेल्या तारा नव्या. झाकण उघडं, वास जाईपर्यंत. आणि भरलेली बाटली."

कल्याण जीप पकडून राजूरला गेला, नवी बाटली घेऊन आला, तारा बदलल्या, तळ कोरडा केला. रागाने केलेलं काम चांगलंच होतं. ऊन कललं तेव्हा साहेबांनी वाळलेल्या विजारीत पुन्हा येऊन सगळी बोट वास घेत तपासली.

"पास," ते म्हणाले.

"मग मारा शिक्का. सकाळी मानसं यायचीत."

साहेबांनी घसा खाकरला. धरणाकडे बघितलं. "शिक्का उद्या दुपारी मिळेल."

"का?"

"सकाळी ऑफिसात पूजा झाली. शिक्का, पेन, सगळं पुजलंय. उद्या दुपारी पूजा उतरेपर्यंत हात लावता येत नाही. नाड्याने बांधलाय."

काठावर बसलेली राहीबाई उठली आणि तिने आपट्याचं पान साहेबांच्या हातात ठेवलं.

"घ्या सोनं. आमच्याकडं दसरा सकाळीच झाला," ती म्हणाली. "आन त्यो शिक्का आना हिकडं. माझं दात हायेत अजून."