गाडीचं माहेर

आमच्या गावातली एक गाडी दर दिवाळीला माहेरी जायची.

थट्टा नाही करत. पांढरी, लांबलचक, विलायती बनावटीची गाडी. गाद्या अशा की बसलं की माणूस कमरेपर्यंत आत जायचा अन् बाहेर निघायला दुसऱ्याचा हात धरावा लागायचा. भाऊबीजेच्या सकाळी तिच्या बोनेटला हळदीकुंकू लागायचं, डिक्कीत जुन्या चिन्नोर तांदळाचं पोतं चढायचं, अन् झनकलाल भाऊ इस्त्रीचा पांढरा पायजमा-कुडता घालून तिला नागपूरला घेऊन निघायचे. रस्त्यात कोणी विचारलंच, "कुठं चालले, भाऊ?" तर उत्तर ठरलेलं.

"हिच्या माहेरी."

गाडीचं नाव मी सांगणार नाही. बायकोचं अन् गाडीचं नाव चारचौघांत घेऊ नये, हा भाऊंचा नियम होता, अन् तो मी आजही पाळतो. नाही पाळला तर भाऊंच्या शिव्या पार तिरोड्यापर्यंत ऐकू जातील.

आमचं गाव चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावर धान पिकवणारं. झनकलाल भाऊंची तिथं वीस एकर धानाची बांधी, एक ट्रॅक्टर, मोठं घर अन् नाकाच्या शेंड्यावर राग. माझं दुकान त्यांच्या दारासमोर. मी विहिरीवरचे पंप दुरुस्त करतो. पण पंप दुरुस्त करणाऱ्याला गाडीही येतेच, असं भाऊंनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मी शंभरदा सांगितलं की भाऊ, मला यातलं काही समजत नाही. ते म्हणायचे, "मले तरी कुठं समजते गा? दोघं मिळून पाहू."

ती गाडी दोन हजार सालाच्या थोडं पुढं आली. नागपूरचे एक डॉक्टर वारले होते. त्यांच्या म्हाताऱ्या पत्नीला, माईंना, गाडी विकायची होती. भाऊ मला घेऊन गेले. आता जुनी गाडी घेताना लोक काय पाहतात? इंजिन पाहतात, टायर पाहतात, कागद पाहतात. भाऊंनी बोनेट उघडूही दिलं नाही. चप्पल काढून मागच्या गादीवर जाऊन बसले अन् पंधरा मिनिटं डोळे मिटून गप्प. मला वाटलं, झोपले. मग उठले, पायाखालची सतरंजी उचलून तिचा वास घेतला अन् मला म्हणाले, "ओल नाई. मानूस चांगला होता."

किल्ली देताना माईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "जपाल ना हो तिला?" त्या म्हणाल्या. भाऊ गडबडले. रडणाऱ्या बाईपुढं त्यांची नेहमीच भंबेरी उडायची. काहीतरी बोलायचं म्हणून बोलून गेले, "रडू नका, माई. दिवाळीले घेऊन येतो ना माहेरी."

दुसरा कोणी असता तर गाव येईपर्यंत विसरला असता. पण झनकलाल भाऊंनी दिलेला शब्द म्हणजे सिमेंटचा खांब. हलायचा नाही.

गावात आल्यावर पहिल्याच दिवशी सरपंच कौतुकानं म्हणाले, "वा भाऊ, सेकंड ह्यांड मस्त भेटली." झालं! भाऊ तडकले. "सेकंड काऊन म्हनता? परक्याची पोरगी हाय म्हना!" तेव्हापासून हेच पालुपद. कोणी दार जोरात लावलं की, "हळू गा! परक्याची पोरगी हाय." कोणी बोनेटला टेकलं की तेच. गाडीच्या दाराजवळ कायम एक बादली अन् जुना टॉवेल असायचा. पाय धुवायचे, पुसायचे, मगच आत. निवडणुकीत एक पुढारी प्रचाराला गाडी मागायला आले. त्यांनाही आधी बादली दाखवली. ते पाय न धुताच परत गेले अन् भाऊंना त्याचा फार आनंद झाला.

डॉक्टरांचं आतलं सामानही जसंच्या तसं. पुढच्या खणात त्यांचा चष्मा, एक कंगवा अन् खडीसाखरेची डबी. मी एकदा खडीसाखर तोंडात टाकली तर भाऊ आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. "तिच्या घरचं सामान हाय थे. तुले कोनी हात लावाले सांगतलं?"

धानाच्या दिवसांत उंदरांनी गाडीत संसार थाटला. वायरी कुरतडून टाकल्या. मी औषध ठेवू म्हटलं तर भाऊंना ते पटेना. अन् मग एक दिवस बोनेटमध्ये धामण येऊन राहिली. उंदीर पळाले. भाऊ असे खूश, जसं कंपनीनंच माणूस पाठवला. दोन महिने ती तिथंच होती. गाडी सुरू करायच्या आधी भाऊ बोनेटवर तीनदा टकटक करायचे अन् म्हणायचे, "बाई, बाहेर निघ व. आमाले बजारात जावाचं हाय." धामण आरामात उतरून पेंढीच्या ढिगाकडं जायची. तिरोड्याचा मिस्त्री हे पाहून जो पळाला तो परत आला नाही. म्हणून पुढची दहा वर्षं ती गाडी माझ्या गळ्यात पडली.

हे सगळं हसण्यासारखं आहे अन् आम्ही पोट धरून हसतही होतो. अनुसयावहिनी, म्हणजे भाऊंची बायको, तेवढ्या हसायच्या नाहीत. त्याला कारण होतं.

वहिनी वैनगंगेपलीकडच्या, बालाघाटकडच्या. आईवडील गेलेले, एकच धाकटा भाऊ, हेमराज. नव्याण्णव साली त्याचं लग्न झालं. वऱ्हाड निघायच्या वेळी जीप भरून गेली अन् कोणीतरी भाऊंना म्हणालं, "जवाईबुवा, तुम्ही मागच्या ट्रालीत बसा." ट्रॉलीत वाजंत्री बसलेले. एकुलता एक जावई, त्याला ट्रॉली! भाऊंनी तिथंच बायकोचा हात धरला. "आता येईन तं मोठ्या गाडीतच येईन, नाई तं तुझ्या दारात पाय ठेवनार नाई," असं ओरडले. हेमराजही त्यांचाच मेहुणा. म्हणाला, "मग नका येऊ." अन् भाऊ वहिनींना घेऊन बसनं घरी आले. भावाच्या अंगाला हळद लागलेली अन् बहीण परत. वहिनींनी त्या दिवशी चूल पेटवली, स्वयंपाक केला, भाऊंपुढं ताट सरकवलं.

मोठी गाडी आली ती त्याच हट्टापायी. पहिल्या भाऊबीजेला भाऊ वहिनींना मागं बसवून बालाघाटच्या रस्त्यानं निघाले खरे. वैनगंगेच्या पुलापर्यंत गेले, पुलावर गाडी उभी केली, अन् वळवली. म्हणाले, इंजिन गरम झालं. मी पुढं बसलो होतो. काटा एकदम थंड होता. पण मागं पाहायची माझी हिंमत झाली नाही, कारण वहिनी रडत होत्या अन् आवाज होऊ देत नव्हत्या. घरी न जाता भाऊंनी गाडी तशीच नागपूरला नेली. माईंना शब्द दिला होता ना.

माई दारातच होत्या. गाडीवरून हात फिरवला, मग वहिनींकडं पाहिलं. बाईचे सुजलेले डोळे बाईला बरोबर दिसतात. "ये गं," म्हणाल्या, अन् हात धरून आत घेऊन गेल्या. दोन तासांनी वहिनी बाहेर आल्या तेव्हा ओटी भरलेली, डोक्याला तेल लावलेलं, हातात नवी साडी. भाऊ तोवर बाहेर उभे राहून आधीच चकचकीत असलेली काच पुसत होते.

मी म्हटलं, "भाऊ, आत चला ना, चहा झाला."

"माहेरात जवायाचं काय काम गा?" ते म्हणाले, अन् पुन्हा काच पुसायला लागले.

त्या दिवशी मला समजलं. तोंडानं कधी कबूल केलं नाही त्यांनी. पण बायकोचं माहेर आपल्या रागापायी तुटलं हे त्या माणसाला रोज टोचत होतं. मेहुण्यापुढं मान खाली घालणं जमेना, म्हणून गाडीच्या माहेरात बायकोची सोय लावली. अन् म्हणूनच ती गाडी बंद पडून चालणार नव्हतं.

तिनं बंद पडायचं काही सोडलं नाही. एका वर्षी नागपूरच्या अलीकडं, मौद्याजवळ, ती जी थांबली ती हूं का चूं करेना. वहिनी मांडीवर करंज्यांचा डबा घेऊन बसलेल्या. मी म्हटलं, परत जाऊ. भाऊंनी रस्त्यात आडवं होऊन एक टेम्पो थांबवला. कोंबड्यांचा. त्याच्या मागं दोर बांधून टोचन केलं अन् निघालो नागपूरला. विलायती गाडी, इस्त्रीचा कुडता, अन् काचेवर फडफड पिसंच पिसं. सिग्नलला लोक बोट दाखवून हसत होते. ट्रॉलीत बसायला सांगितलं म्हणून नातं तोडणारा हा माणूस कोंबड्यांच्या मागं ताठ मानेनं स्टेअरिंग धरून बसला होता. माईंनी दारात पाहिलं अन् हसून हसून त्यांना ठसका लागला. मग वहिनींच्या केसांतलं एक पीस काढलं अन् म्हणाल्या, "आली बाई माझी पोरगी." भाऊ खूश. त्यांना वाटलं, गाडीला म्हणाल्या.

अशा दहा दिवाळ्या झाल्या. मग एका पावसाळ्यात गाडीचा गिअर गेला. पार्ट नागपुरात नाही, रायपुरात नाही, दिल्लीच्या माणसानं फोनवर हसून दाखवलं. चाकं तेवढी फिरत होती. भाऊ म्हणाले, हरकत नाही, टोचन करून नेऊ. पण दसऱ्यानंतर माईंच्या मुलाचा फोन आला. माई गेल्या होत्या. घर विकायला काढलं होतं.

वहिनींनी माईंसाठी चिन्नोरचं पोतं दसऱ्यालाच बाजूला काढून ठेवलं होतं. ते तसंच ओसरीच्या कोपऱ्यात उभं राहिलं. त्यांनी ते उघडलं नाही, हलवलं नाही. झाडताना त्याच्या भोवतीनं झाडायच्या. भाऊ येताजाता त्या पोत्याकडं पाहायचे. आठ दिवस पाहिलं. नवव्या दिवशी सकाळी माझ्या दुकानापुढं ट्रॅक्टर येऊन थांबला. मागच्या ट्रॉलीत पोतं, अन् पोत्याला टेकून इस्त्रीच्या कुडत्यात झनकलाल भाऊ.

"गजू, चाल गा. वऱ्हाडात जावाचं हाय."

"भाऊ, पुढं ड्रायव्हरजवळ बसा ना. हाडं खिळखिळी होतील."

"नाई. मले ट्रालीतच बसाले सांगतलं होतं."

मी चढलो. पुलावरून जाताना त्यांनी पोतं दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. तीन तासांनी हेमराजच्या दारात ट्रॅक्टर थांबला. तो बाहेर आला. तोही आता पिकलेला, डोक्यावरचे केस गेलेले. भाऊ धुळीनं लालभडक. ते उतरले नाहीत. ट्रॉलीतूनच म्हणाले, "हेमराज, वऱ्हाड निघून गेलं काय गा? मले जरा उशीर झाला."

हेमराजनं एकदा ट्रॉलीकडं पाहिलं, एकदा पोत्याकडं. मग पुढं आला, ट्रॉलीचा फाळका स्वतः पाडला अन् हात दिला. पुढं दोघं त्यांच्या पोवारी बोलीत काय बोलले ते मला अर्धंच समजलं. भाऊंचं एक वाक्य मात्र नीट समजलं. ते म्हणाले, "तिचं नागपूरचं माहेर गेलं. तू घेऊन जा."

भाऊबीजेला हेमराज स्वतः आला, त्याच्या लहानशा गाडीतून. वहिनी माईंनी दिलेली शेवटची साडी नेसल्या होत्या. बारा वर्षांनी धाकटा भाऊ दारात म्हटल्यावर त्यांना धड रडताही येईना, धड हसताही येईना. गाडीत बसल्या. हेमराजनं दार जोरात लावलं.

"हळू गा!" भाऊ ओरडले. "परक्याची पोरगी हाय!"

"माझी बहीन हाय थे," हेमराज म्हणाला, अन् आम्ही सगळे हसलो. भाऊही.

गाडी वळणाआड गेली. भाऊ अंगणात आले. पत्र्याखाली त्यांची मोठी गाडी उभी होती. सवयीनं सकाळीच धुतलेली, बोनेटला कुंकू लावलेलं. ते तिच्यापुढं उभे राहिले. मग माझ्याकडं न पाहता म्हणाले, "हिले कुठं न्यावं आता?"

मला काय झालं कोण जाणे. मी म्हटलं, "माझ्या घरी आणा."

माझं घर गल्लीत चाळीस पावलांवर. चार गडी बोलावले, भाऊंनी स्टेअरिंग धरलं अन् आम्ही ती ढकलत नेली. माझी बायको आधी मला वेड लागलं म्हणाली, मग आरतीचं ताट घेऊन बाहेर आली. तिनं गाडीला ओवाळलं, काचेपुढं नारळ ठेवला. एका गड्यानं गाडीचं दार आपटलं तर मीच त्याच्यावर ओरडलो. भाऊंना म्हटलं, आत चला, जेवून जा. त्यांनी मान हलवली. "माहेरात जवायाचं काय काम?" म्हणाले अन् हात मागं बांधून निघून गेले.

दिवेलागणीला बायकोनं ताट वाढून दिलं. घेऊन गेलो तर भाऊ ओसरीवर एकटेच बसले होते. शेजारी ती बादली अन् टॉवेल. मी ताट खाली ठेवलं. त्यांनी एक करंजी उचलली अन् तशीच हातात धरून बसले.

"दोघीही गेल्या गा माहेरी," ते म्हणाले. "घर कसं खायाले उठून राहिलं."

मी पाय धुतले, पुसले अन् त्यांच्याजवळ बसलो.