गालिच्यापलीकडचं टेबल

राज्यकारभार टेबलावर चालतो असा लोकांचा समज आहे. प्रत्यक्षात तो जमिनीवर काय अंथरलंय त्यावर चालतो.

१९५७ साली चिंचवडच्या आमच्या भूसंपादन कचेरीत एक इराणी गालिचा होता. भटक्या टोळीतल्या बायकांनी विणलेला, वय शंभराच्या वर (साहेबांच्या मते, साहेबांचं मत तेच कचेरीचं). मायदेशी परतताना देहूरोडच्या एका गोऱ्या मेजरने तो साहेबांना विकला होता. दारापासून टेबलापर्यंत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तो पसरलेला, आणि त्यावर पाय ठेवायला सक्त मनाई. साहेब आणि मी, त्यांचा कारकून, मागच्या दाराने येत असू. ते दार जनतेसाठी नव्हतं.

कारखान्यासाठी ज्यांची जमीन जाणार, त्यांनी तीस दिवसांत टेबलाशी येऊन आपली हरकत स्वहस्ते कारकुनाला द्यावी, असा अत्यंत उदार नियम होता. नोटिसा एक्केचाळीस. दारापर्यंत आलेले अडतीस (उरलेल्यांत दोघे मयत, एक मुंबईला). त्यातले सदतीस दारातूनच परत. भोसरीच्या लक्ष्मणरावांनी तर वहाणा काढून गालिच्याला नमस्कार केला आणि बैलगाडी वळवली. जनता समाधानी आहे, असं मी सुवाच्य अक्षरात वर कळवलं.

अडतिसावी सोजराबाई. तिचं दीड एकर विहिरीसकट नकाशात गेलं होतं. नवरा वारल्यावर त्याच पाण्यावर तिने तीन पोरी वाढवल्या होत्या. तिसाव्या दिवशी, पाचाला दहा कमी असताना, पिकाला पाणी देता देता ती तशीच चिखलाच्या पायांनी आली. साहेबांनी तिला दारातच थांबवून गालिचा समजावला.

"हा विणणाऱ्या लोकांना ना जमीन, ना घर. तरी हाताची कला बघा, बाई."

"त्यांची जमीन कुनी घेतली व्हती, सायेब?"

प्रश्न विषयाबाहेरचा असल्याने नोंदला गेला नाही. बाई सरळ गालिच्यावरून चालत आली, माझ्यासमोर हरकतीच्या अर्जावर अंगठा उठवला, कागद माझ्या हातात दिला आणि आली तशी गेली. एकूण बावीस पावलं उमटली.

साहेब ओरडले तसा मी धावलो. चिखल तांबड्या लोकरीत मुरायच्या आत टिपला. एकही धागा बिघडला नाही. पंचनामा पाच पानांचा झाला, चिखलाच्या जातीसह (काळी, चिकट). खरं सांगतो, मला फार हायसं वाटलं.

वाचकहो, आपल्यालाही वाटलं असेल. चिखल मी कशाने टिपला, हे साहेबांनी विचारलं नाही, आणि आपणही नाही. माझ्या हातात तेव्हा एकच कागद होता. सोजराबाईची विहीर दिवाळीच्या आत बुजवली.