एका आळ्यात एकच

“बारीक दिसतूय न्हवं? मग उपट. रडतीस कशाला, नापास झाल्यागत!”

हे वाक्य खिडकीतून आत आलं तेव्हा मी नववी ‘ब’ला इंग्रजी कविता शिकवत होते. बाहेर शाळेच्या शेतावर नववी ‘अ’चा शेतीचा तास चालू होता. समिना नावाची मुलगी काकडीच्या आळ्यापाशी उकिडवी बसली होती आणि तिच्या डोक्यावर शेती शिकवणारे खरातसर उभे होते. एका आळ्यात तीन बिया टोकायच्या, चार पानं फुटली की जोमदार वेल ठेवायचा, उरलेले दोन उपटून टाकायचे. याला विरळणी म्हणतात. मी साताऱ्याच्या इंग्रजी शाळेत शिकले. काकडीबद्दलचं माझं ज्ञान फ्रिजपाशी सुरू होऊन तिथेच संपत होतं. समिनाने डोळे मिटून वेल उपटला. सर म्हणाले, “एका आळ्यात एकच. दया आली की तिन्ही गेले.”

पलूसजवळच्या या शाळेत मी तासिकेवर, म्हणजे कधीही काढून टाकता येईल अशा बोलीवर, लागले होते. साहजिकच हे वाक्य मला फारसं आवडलं नाही.

माणूस शेतात उपटून थांबला असता तरी चाललं असतं. शिक्षकखोलीत दोन घड्याळं होती. त्यातलं मागे पडणारं सरांनी भिंतीवरून उतरवलं. स्वातंत्र्यदिनाच्या भाषणात मुख्याध्यापकांचे दहा मुद्दे होते. सरांनी कागद वाचून तीन ठेवायला सांगितले. शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचे अॅडमिनही तेच. एके सकाळी अकरा जणांनी ‘शुभ सकाळ’ टाकलं. सरांनी एक ठेवलं, दहा पुसली. पुसलेल्यांत मुख्याध्यापकांचं होतं, ठेवलेलं शिपाईमामांचं.

“त्येंचं टवटवीत हुतं,” सर म्हणाले.

सोमवारी मुलं शाळेच्या फाटकाशी भाजी विकायला बसत. तो विक्रीचा तास. एका आजींनी दोडक्याचं काय काय करता येतं ते विचारलं, तर समिनाने भाजी, भजी, शिरांची चटणी असं सांगायला घेतलं. मागून आवाज आला, “दोन उपट! गिऱ्हाईक गोंधळतंय!”

आजी म्हणाल्या, “आवं मास्तर, मला पोरीचं ऐकायचंय. तुमीच जरा बाजूला व्हा की.”

सर बाजूला झाले, पण हरल्यासारखे मुळीच नाही. “एका दुकानात एकच,” असं म्हणत, स्वतःचाच सिद्धांत सिद्ध झाल्यासारखे.

मी शिक्षकखोलीत फारशी बोलत नाही. सरांनी पहिल्याच महिन्यात सगळ्यांसमोर निदान केलं, “मॅडमच्या तोंडात विरळणी जरा जास्तच झालीया. एकबी रोप राहिलं न्हाई.” सगळे हसले. मीही हसले आणि मनातल्या मनात त्यांना इंग्रजीतून एक शिवी दिली. त्या दिवसापासून मी डबा खायला प्रयोगशाळेच्या मागे जाऊ लागले. तिथे कुणीच नसे.

मार्चमधल्या एका दुपारी तिथे खरातसर होते. भिंतीला लागून तेलाचे डबे, दुधाच्या पिशव्या, एक फुटकं हेल्मेट, सगळ्यांत माती. प्रत्येकात एकेक मरतुकडा वेल, काडीला सुतळीने बांधलेला. समोर मांडी घालून सर स्वतःच्या बाटलीतलं पाणी टोपणाने पाजत होते.

“काल मान टाकली हुतीस की रं,” ते हेल्मेटमधल्या वेलाला म्हणाले. “आज बरं हाय?”

मला बघून ते चोरी करताना धरल्यासारखे दचकले.

“मॅडम, पोरास्नी कळू देऊ नका. कळलं तर एकबी पोरगं वेल उपटणार न्हाई. मग मी शिकवलेलं सगळं पाण्यात.”

मी मान हलवली. माझ्या गप्प राहण्याचा त्यांना पहिल्यांदाच उपयोग होता.

ते टोपण लावत राहिले. लागलेलं टोपण पुन्हा लावत राहिले. “मी घरात चौथा. लय बारीक. मेंढरांमागं चालायला जमायचं न्हाई. थोरली तिघं ठेवली, मला आश्रमशाळेत धाडलं.” मग त्यांनी माझ्या डब्यात डोकावून पाहिलं. “दोन भाज्या कशाला आणता?”

पुढे काही दिवस आम्ही दोघं तिथे असायचो. बोलायचे ते, तेही काकड्यांशी.

एप्रिलमध्ये शाळेच्या टाकीचं पाणी पुरेना. ते मुरतं कुठे हे शोधत मुख्याध्यापक थेट प्रयोगशाळेच्या मागे आले. मी डबा खात बसले होते. शेतावरून परतणारी नववी ‘अ’ काय झालं ते बघायला त्यांच्यामागे आली, आणि सगळ्यांत शेवटी खरातसर.

“हा उकिरडा कुणाचा?” मुख्याध्यापकांनी विचारलं.

समिना वाकली. तिने एक पान उलटून पाहिलं. “सर, ही तर आपण उपटलेली...” ती थांबली आणि वळून खरातसरांकडे बघू लागली. मग सगळा वर्ग वळला.

“खरातसर, मी विचारतोय.”

खरातसर बुटांकडे बघत होते. इतका मोठा माणूस एवढा बारीक होऊ शकतो हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

माझ्या तोंडात घास होता. तो गिळायला नको तितका वेळ लागला. मग मी उठून उभी राहिले.

“हे वेल माझे आहेत, सर,” मी म्हणाले. आवाज जरुरीपेक्षा मोठा निघाला. “खरातसरांनी टाकून द्यायला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.”